स्कोलिओसेक्शुअल: एक शब्द आणि त्यावरून झालेलं भांडण

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं…' आणि मधेच खालून आलेली भंगारवाल्याची हाक काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसं.)

इअरफोन आहेत ना कानात? नसतील तर लावा. तसं या भागात लपवण्यासारखं काही नाही. पण स्पीकरवर लावलात तर आजचा शब्द ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारेल, "काय गं ते?" आणि मग तुम्हाला तो समजावून सांगावा लागेल. तो समजावून सांगताना माझं काय झालं, त्याचीच आजची गोष्ट आहे.

शब्द आहे स्कोलिओसेक्शुअल. ज्यांना नॉन-बायनरी माणसांबद्दल आकर्षण वाटतं, त्यांच्यासाठीचं हे लेबल. नॉन-बायनरी म्हणजे, जे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री मानत नाहीत ते. कुणी दोन्ही, कुणी दोन्ही नाही, कुणी मधलं कुठलं तरी, आणि कुणी म्हणतं, मला या रेषेवर बसवूच नका.

आता मी का बोलतेय यावर. कारण माझं एका नॉन-बायनरी माणसावर प्रेम आहे. खरं नाव सांगणार नाही. आपण 'किरण' म्हणू या. किरण हे नाव मुलाचंही असतं, मुलीचंही असतं, म्हणून घेतलं. जन्मदाखल्यावर काय लिहिलंय तेही सांगणार नाही. एकदा सांगितलं की पुढचा अख्खा भाग तुमचे कान त्याच एका शब्दाला चिकटून ऐकणार. मला माहितीये, कारण माझेही तसेच होते.

आमची ओळख पुण्यात झाली, एका मैत्रिणीच्या घरी, गणपतीत. उकडीचे मोदक करायला बसलो होतो पाच-सहा जणं. माझे मोदक म्हणजे भिजलेल्या बटव्यासारखे. शेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांतून मात्र कळ्या अशा पटापट पडत होत्या, बारीक आणि एकसारख्या. मैत्रिणीच्या काकूंनी दोनदा वळून पाहिलं. त्यांना विचारायचं होतं ते विचारता येईना, म्हणून त्यांनी विचारलं, "नाव काय?" नाव ऐकूनही त्यांचा प्रश्न सुटला नाही. मग म्हणाल्या, "बरं, पारी छान करता हो." करता. बघा, 'तुम्ही' म्हटलं की सुटका होते.

हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. नंतर मराठी बोलताना रोज लक्षात यायला लागलं. आपली भाषा क्रियापदापर्यंत येऊन विचारते, बाई का बुवा? आलास की आलीस, जातोस की जातेस. इंग्रजीत भांडण आहे ते फक्त सर्वनामांचं. आपल्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी गेटवर वॉचमन बसलाय. सुरुवातीचे दोन महिने मी किरणशी अशी बोलायचे की कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, ही सरकारी पत्र वाचतेय का? "तू जेवलीस का" नाही, "तू जेवलास का" नाही. "तुझं जेवण झालं का?" "निघालास का" नाही. "तुझं निघणं झालं का?" आमच्यात अरे नाही, अगं नाही. फक्त 'ए'.

मग हळूहळू भाषेतल्या पळवाटा सापडायला लागल्या. "तू चहा घेतलास का?" यात वॉचमन नाही, कारण 'घेतलास' चहाप्रमाणे चालतं, पिणाऱ्याप्रमाणे नाही. आणि भविष्यकाळ तर अख्खाच मोकळा. मी येईन, तू येशील, किरण येईल. कोण येईल, पुरुष का बाई, पत्ताच लागत नाही. त्यामुळे आमचं सुरुवातीचं सगळं बोलणं पुढचंच असायचं. उद्या भेटशील का, मला फोन करशील का, पावसाळ्यात कुठे जाशील. किरणला वाटलं, ही फारच घाईत आहे.

शेवटी किरणनेच सोडवलं. म्हणालं, माझी आजी मला 'माझं लेकरू आलं' म्हणायची. तेच चालेल. तू आलंस, तू गेलंस. म्हणून मी या भागात 'किरण म्हणालं' असं बोलतेय. कुणाला ते वस्तूबद्दल बोलल्यासारखं वाटेल. पण आपण पोरगं, लेकरू, बाळ, पाखरू सगळं याच लिंगात म्हणतो की. जीव लावायचं लिंग आहे ते. अर्थात हे किरणपुरतं. पुष्कळ जणांना हे अजिबात आवडत नाही, कारण व्याकरणात त्याचं नाव 'नपुंसकलिंग' आहे आणि तो शब्द शाळेत त्यांच्या तोंडावर फेकलेला असतो. काही जण आदरार्थी 'ते आले' पसंत करतात. काही जण तो किंवा ती बदलून-बदलून वापरतात. त्यामुळे विचारा. आणि अजून एक गंमत सांगते. या लिंगालासुद्धा विभक्ती लागली की 'त्याला, त्याचं' होतं, अगदी मुलासारखं. तिथे व्याकरणाने दगा दिलाय. तिथे मी सरळ नाव घेते. स्वतःबद्दल बोलताना किरण कधी 'आलो' म्हणतं, कधी 'आले'. दमल्यावर तोंडात येईल ते.

यावर मी एकदा किरणला सांगितलं की आमच्या कोल्हापूरकडे बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. माझी आजी आयुष्यभर "मी जातो बाजाराला" म्हणाली आणि तिच्या बाईपणाला कधी धक्का लागला नाही. मीही तशीच बोलायचे. पुण्यात हॉस्टेलवर आले आणि पहिल्याच आठवड्यात "मी आलो" म्हटल्यावर मुली एवढ्या हसल्या की महिनाभरात मी 'आले' शिकले. आता कोल्हापूरला गेल्यावरही 'आले'च येतं तोंडात. किरण हे ऐकून म्हणालं, "तुझ्या आजीच्या गावी खोली मिळेल का भाड्याने?"

हं. तर शब्द.

आमचं जुळल्यावर मला एक प्रश्न पडला, आणि तो इतरांनीही विचारला. मग तू कोण? म्हणजे तुझं ओरिएंटेशन काय? याआधी मला एक मुलगा आवडला होता, कॉलेजात. एक मुलगी आवडली होती, पण ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता किरण. एका मैत्रिणीने म्हटलं, "सोपंय, तू बाय." दुसरी म्हणाली, "बाय कसं? बाय म्हणजे दोन. किरण तर दोन्हींत नाही." मग माझ्या डोक्यावर बसून दोघींचा वाद. त्यांच्या वादात मीच नव्हते.

मग मी रात्री दीड वाजता फोनवर शोधत बसले. तुम्हीही बसला असाल कधी तरी, ब्राइटनेस कमी करून. आणि तिथे मला तो सापडला. स्कोलिओसेक्शुअल. साधारण 2010 च्या आसपास इंटरनेटवर फिरायला लागलेला शब्द. नॉन-बायनरी माणसांबद्दल आकर्षण. मी उठून बसले. खरं सांगते, मला रडू आलं. आपल्यासारखं दुसरं कुणी तरी आहे, एवढं असायला हवं होतं मला, आणि एका शब्दाचा अर्थच तो असतो. तो कुणी तरी आधी वापरलेला असतो.

आता मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे मुद्दाम आता सांगतेय. दिवसातून दोन-तीनदा मी जो शब्द फाइलवर लिहिते तो म्हणजे स्कोलिओसिस. पाठीचा कणा बाजूला वळलेला असणं. एक्स-रेवर कोन मोजतात, कॉब अँगल, आणि तो 10 अंश किंवा त्याहून जास्त भरला की आम्ही त्याला स्कोलिओसिस म्हणतो. तर हा शब्द वाचताच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली, पण उलटी. मला वाटलं, अरे वा, हा तर माझ्या धंद्यातलाच शब्द!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, "ए, मला शब्द सापडला. मी स्कोलिओसेक्शुअल." आणि मग, देवा, मी समजावून सांगितलं. हसत-हसत. "स्कोलिओस म्हणजे ग्रीकमध्ये वाकडं! स्ट्रेट म्हणजे सरळ ना, तर हे वाकडं!"

किरणने कप खाली ठेवला. म्हणालं, "म्हणजे मी वाकडं."

मी म्हटलं, नाही गं… आणि 'गं' तोंडातून गेलं. म्हणजे एका वाक्यात दोन गुन्हे.

किरण ओरडत नाही कधी. हळू आवाजात बोलतं, ते जास्त वाईट असतं. म्हणालं, "शाळेत पीटीचे सर म्हणायचे, नीट चाल. घरी म्हणायचे, सरळ वाग. नातेवाईक म्हणायचे, वाकडं पाऊल पडायच्या आत लग्न लावा. तुझ्याकडे वाकडी माणसं येतात, त्यांचा एक्स-रे काढून तू त्यांना सरळ करतेस. माझं काय करणार आहेस?"

मी म्हटलं, हा शब्द तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. माझ्या आकर्षणाचं नाव आहे ते.

"तुझं नाव सांगायला मला वाकडं व्हायला लागतंय ना पण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किरण चहा तसाच ठेवून गेलं. त्यानंतर 11 दिवस आमचं बोलणं नव्हतं. मी तीन मेसेज पाठवले, तिन्ही भविष्यकाळात. एकाचंही उत्तर नाही.

त्या 11 दिवसांत मी वाचलं. आधी मला सिद्ध करायचं होतं की किरण उगाच चिडलंय. निघालं उलटंच. हा आक्षेप घेणारं किरण पहिलं नव्हतं. या शब्दाच्या मुळावरून बराच वाद झालेला आहे आणि त्यामुळे दुसरा शब्द पुढे आला: सेटेरोसेक्शुअल. हा लॅटिनवरून. 'सेटेरा' म्हणजे बाकीचं, उरलेलं. एट सेटेरा मधलं सेटेरा. म्हणजे आपल्या मराठीत, वगैरे. वगैरेसेक्शुअल! मी एकटीच हसले आणि मग हसू थांबलं. वाकडं नको म्हणून वगैरे? 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात पहिल्यांदा पुरुष, स्त्री आणि 'इतर' असे तीन पर्याय होते, आणि 'इतर' म्हणून देशात 4,87,803 माणसं मोजली गेली. ती सगळी नॉन-बायनरी होती असं अजिबात नाही. तृतीयपंथी, पारलिंगी, अजून कोण-कोण एकाच रकान्यात. पण 'इतर' हा रकाना काय असतो ते ज्याने फॉर्म भरलाय त्यालाच माहीत. कुणाच्या प्रेमाचं नावसुद्धा त्या रकान्यावरून ठेवायचं?

तरीही मला तो शब्द का लागला, हे मला किरणला सांगायचं होतं. आणि इथे मी माझी बाजू थोडी लावून धरणार आहे, कारण हा प्रश्न नुसत्या फॅशनचा नाही.

आपण जे जुने शब्द वापरतो, होमोसेक्शुअल, हेटेरोसेक्शुअल, ते आले कुठून? 1860 च्या दशकात जर्मन मुलखात कार्ल हाइनरिख उलरिख्स नावाचा एक वकील होता. त्याला स्वतःला पुरुष आवडायचे, आणि 1864 पासून तो पुस्तिका काढून स्वतःसारख्या पुरुषांसाठी 'उर्निंग' असा शब्द वापरत होता. त्याच्याशी पत्रव्यवहार करणारा कार्ल-मारिया कर्टबेनी, हा लेखक. त्याने 1868 मध्ये एका पत्रात होमोसेक्शुअल हा शब्द वापरला आणि 1869 मध्ये तो छापला, प्रशियाच्या कायद्यातल्या शिक्षेला विरोध करणाऱ्या पत्रकात. म्हणजे हे शब्द आधी डॉक्टरांनी नाही काढले. कायद्याशी भांडायला काढले.

पण त्या शब्दांची रचना बघा. होमो म्हणजे समान, हेटेरो म्हणजे वेगळं. समलैंगिक, भिन्नलैंगिक. कुणाशी समान? माझ्याशी. म्हणजे आधी माझा रकाना ठरलेला पाहिजे, मग समोरच्याचा, मग दोघांची तुलना करायची. आता किरणला बायका आवडतात. किरण समलैंगिक की भिन्नलैंगिक? गणितच सुटत नाही, कारण एक आकडाच दिलेला नाही. आणि माझं किरणवरचं प्रेम 'समान' की 'वेगळं'? तेही नाही सुटत. नवे शब्द आले ते या भोकातून आले. लोक म्हणाले, मी कोण ते बाजूला ठेवा, मला कोण आवडतं एवढंच सांगतो. स्कोलिओसेक्शुअल त्यातला एक. भोक खरं आहे. ठिगळ कसं लागलं तो भाग वेगळा.

आणि 'बाय म्हणजे दोन' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीसाठी: अमेरिकेत 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागातल्या बायसेक्शुअल लोकांनी एक मासिक सुरू केलं, 'एनिथिंग दॅट मूव्ह्ज'. त्यांच्या जाहीरनाम्यात तेव्हाच म्हटलेलं आहे की लिंगं दोनच आहेत असं गृहीत धरू नका. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तर बाय या शब्दात किरण मावतं. ज्यांना तो शब्द नको, ते पॅनसेक्शुअल म्हणतात. मला कुठला हवा, ते येतं पुढे.

खरा घोळ मला नवव्या-दहाव्या दिवशी कळला, आणि तो ग्रीक-लॅटिनचा नव्हताच.

मला किरण आवडलं कधी? मोदकांच्या वेळी. त्या कळ्या पडत होत्या तेव्हा, आणि काकूंच्या प्रश्नाकडे न बघता मान खाली घालून किरण जे हसलं तेव्हा. किरण नॉन-बायनरी आहे हे मला त्यानंतर तीन आठवड्यांनी कळलं. मग मला 'नॉन-बायनरी माणसांबद्दल' आकर्षण वाटलं कसं म्हणायचं? नॉन-बायनरी दिसतं कसं? इन्स्टावर एक ठरलेलं चित्र आहे: बारीक अंगाचं, केस आखूड, सैल शर्ट, नाकात चमकी, बहुतेक वेळा गोरं. त्यातलं काहीही नसलेली, साडी नेसणारी, मिशा ठेवणारी, बँकेत कॅशियर असणारी नॉन-बायनरी माणसं असतात. ती ओळख आतली आहे. मी रस्त्यात बघून ती ओळखू शकते म्हणणं म्हणजे खरं तर मला एक दिसणं आवडतं, आणि त्याला मी दुसऱ्याच्या आतल्या ओळखीचं नाव देतेय.

अजून एक. बऱ्याच ठिकाणी या शब्दाचा अर्थ 'ट्रान्स आणि नॉन-बायनरी माणसांबद्दल आकर्षण' असा दिलेला सापडतो. हे मला खटकलं. ट्रान्स बाई ही बाई आहे, ट्रान्स पुरुष हा पुरुष. त्यांना पुन्हा एका वेगळ्या डब्यात उचलून ठेवायचं, आणि त्या डब्याला आकर्षणाचं नाव द्यायचं? माफ करा, पण हे फेरीवाल्याच्या गाडीवर 'स्पेशल' लिहिल्यासारखं झालं.

बाराव्या दिवशी किरणचा मेसेज आला. शब्द नव्हते, स्क्रीनशॉट होते, सात-आठ. डेटिंग ॲपवरचे जुने मेसेज, आमच्या ओळखीच्या आधीचे. त्यातले दोन वाचून दाखवणार होते, पण नको. सार सांगते. सगळ्यांचं म्हणणं एकच की मला 'तुमच्यासारखे' फार आवडतात. तुमच्यासारखे. नाव विचारण्याआधी. एकाने अंगावर काय-काय आहे याची चौकशी केली होती, जसं काही जुनी गाडी घ्यायचीये. आणि त्यातल्या एकाच्या प्रोफाइलवर, वर, ठळक अक्षरांत तोच शब्द होता. स्कोलिओसेक्शुअल.

खाली किरणने लिहिलं होतं, "तू असं नाही बोलत. पण तू तो शब्द बोललीस तेव्हा मला यांचे आवाज ऐकू आले."

आम्ही भेटलो. संभाजी पार्कात, कारण घरी भेटलो असतो तर दोघांपैकी एक उठून गेलं असतं. मी माफी मागितली. किरणनेही एक गोष्ट मान्य केली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. किरणचं एक मित्रमंडळ आहे, त्यातली एक व्यक्ती स्वतः नॉन-बायनरी आहे आणि हाच शब्द स्वतःसाठी अगदी खुशीने वापरते. तिचं म्हणणं: मला नॉन-बायनरी माणसांबरोबरच निवांत वाटतं, कारण तिथे पहिल्या दिवसापासून शिकवणी घ्यावी लागत नाही. सर्वनाम काय, म्हणजे नक्की काय, लग्नाचं काय. थकवा नाही. अशा, नॉन-बायनरी माणसांच्या आपसातल्या नात्याला 'एन्बियन' असाही एक शब्द इंटरनेटवर आहे, 'एन्बी'वरून. त्या व्यक्तीच्या तोंडी 'स्कोलिओ' वाकडं वाटत नाही. 'आम्ही वाकडे, बरं मग?' असं वाटतं. माझ्या तोंडी तसं नाही वाटणार. आपल्याकडेही आहेत की असे शब्द. आजी स्वतःला 'मी अडाणी बाई' म्हणायची. मी तिला म्हटलं असतं तर पायताण खाल्लं असतं.

मग आमच्या आईचं. हे मी सांगणार नव्हते, पण काल रात्री ठरवलं की सांगते.

मी आईला फोनवर किरणबद्दल सांगितलं, सहा महिन्यांपूर्वी. तिचा पहिला प्रश्न, "पोरगा का पोरगी?" मी म्हटलं, आई, दोन्ही नाही. ती म्हणाली, "म्हंजे जोगत्यासारखं?" आमच्या भागात जोगते दिसायचे, यल्लम्माचे, डोक्यावर देवीचा जग घेऊन, साडी नेसलेले. आजी त्यांना सुपातून जोंधळे घालायची आणि पाया पडायची. 'जोगवा' सिनेमा आला 2009 मध्ये, राजीव पाटलांचा, तेव्हा आईने तो पाहिला होता आणि तायप्पा-सुलीसाठी रडली होती. मी घाईघाईने म्हटलं, नाही, किरण जोगता नाही. तेही खरंच आहे. तायप्पावर साडी लादलेली होती, किरणवर कुणी काही लादलेलं नाही, उलट लादलेलं काढून टाकलंय. पण नंतर वाटलं, आईकडे तेवढाच एक दरवाजा होता आणि मी तो आपटून बंद केला. 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा कायदा झाला, त्याच्या व्याख्येत तेव्हा 'जेंडरक्विअर' आणि 'जोगता' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात होते. आईने केलं तेच तेव्हा संसदेने केलं होतं, फक्त इंग्रजीत.

तिचा दुसरा प्रश्न, "लग्न होतं का तुमचं?" आणि इथे मला खरंच उत्तर देता आलं नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 377 मधून आपल्यासारख्यांना सोडवलं, तो गुन्हा राहिला नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही. पण त्याच निकालात म्हटलंय की भिन्नलैंगिक नात्यातली ट्रान्स व्यक्ती आहे त्या कायद्याखाली लग्न करू शकते. आता सांगा, आमचं नातं भिन्नलैंगिक आहे का? ते आमच्या दोघांच्या कागदांवर काय लिहिलंय यावरून ठरणार. म्हणजे जो रकाना किरणला आयुष्यभर टोचलाय, त्याचाच आधार घेऊन लग्न करता येईल, किंवा त्याच्यामुळेच करता येणार नाही. दोन्हीपैकी आमचं कुठलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही म्हटलंय. पण यातलं कुठलंही असलं तरी कुणी आम्हाला विचारणार नाही की तुमचं लेबल काय आहे. मी बाय, पॅन, स्कोलिओ, काहीही म्हटलं तरी लग्न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याने काडीचा फरक पडत नाही.

आईला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, बघू. ती म्हणाली, गौरी-गणपतीला आणू नकोस एवढ्यात, माणसं येतात घरी. मला राग आला, मी गप्प बसले. मग जरा वेळाने तिने विचारलं, "जेवतं का ते नीट? तुझ्यासारखं बाहेरचंच खातंय का?"

जेवतं का ते. मी आईला ते शिकवलेलं नव्हतं.

गणपतीचं ती अजून 'हो' म्हणालेली नाही. यंदाही मी एकटीच जाणार आहे, आणि किरण इथे मोदक करणार आहे.

तर, मला कुठला शब्द हवा. एका ऑफिसच्या फॉर्मवर मध्यंतरी विचारलं होतं, डायव्हर्सिटीचा काही तरी सर्व्हे होता, तिथे मी 'बायसेक्शुअल' वर टिक केली. मित्रमंडळीत 'क्विअर' म्हणते, कारण पटकन होतं आणि पुढचे प्रश्न येत नाहीत. स्कोलिओसेक्शुअल मी वापरत नाही. पण फोनच्या नोट्समध्ये त्या रात्री दीड वाजता मी तो लिहून ठेवला होता, तारखेसकट, ती नोट मी उडवलेली नाही. त्या रात्री त्याने मला सोबत केली होती. तुमच्यापैकी कुणी तो शब्द वापरत असाल, तर मी तुमच्यावर नजर ठेवायला बसलेले नाही. तुमच्या शेजारी जे माणूस आहे त्याला तो कसा ऐकू येतो, एवढं मात्र विचारून बघा. मी विचारलं नव्हतं. मी थेट भाषांतर करून दाखवलं.

हा भाग टाकण्याआधी किरणने पूर्ण ऐकला. दोन मिनिटं कापायला लावली. कुठली ते अर्थातच सांगत नाही. बाकी एकच हरकत घेतली, की मोदकाची पारी त्या दिवशी तांदळाच्या पिठीमुळे चांगली झाली होती, हाताचं विशेष काही नव्हतं. मला पटलेलं नाही, पण नोंद करायला सांगितली आहे, केली.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी. मधल्या शनिवारी मी कोल्हापुरात असेन आणि तिथे आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते.